घरातले पहिले पेन जपून ठेवा

आपल्या समाजात सोन्यानाण्याचा वारसा फार थोड्या घरांना मिळाला. जमीन खोताची, घर गावाच्या टोकाला आणि पोट मुंबईच्या गिरणीवर, ही कोकणातल्या आपल्या बहुतेक घरांची मागची कहाणी. तरीही एक वारसा अनेक घरांत पडून आहे आणि त्याची किंमत आपणच ओळखत नाही. तो म्हणजे घरात पहिल्यांदा शिकलेल्या माणसाचे फाउंटन पेन.

देवगडला लागून असलेले आपले जामसंडे घ्या. मे महिन्यात चाकरमानी गावी येतात. पावसाआधी माळा झाडला जातो. पत्र्याच्या ट्रंकेतून मनीऑर्डरच्या पावत्या निघतात, गावशाखेची जुनी वही निघते आणि त्यांच्यासोबत टोपण घट्ट बसलेले एखादे काळे पेनही निघते. “चालत नाही” म्हणून ते मुलांच्या हाती खेळायला जाते, नाहीतर भंगारवाल्याच्या गोणीत पडते.

बंधू-भगिनींनो, ज्यांच्या हाती पाटीसुद्धा येऊ दिली गेली नाही, त्यांच्या घरात ते पेन आले कसे, याचा विचार करा. बाबासाहेबांना चांगल्या पेनांची आवड होती, हे त्यांच्या सहवासात राहिलेल्यांनी लिहून ठेवले आहे. १९२० साली ‘मूकनायक’ निघाला, १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’ निघाला, ती लढाई लेखणीचीच होती. गावोगावच्या पुतळ्यांत त्यांच्या खिशाला पेन असते, ते शोभेसाठी नव्हे. त्यांचे पाहूनच आपल्या आजोबांनी पगारातले चार पैसे बाजूला काढून खिशाला पेन लावले.

पेन ओळखावे कसे?

पार्कर, शेफर ही नावे सर्वांना ठाऊक असतात. परंतु कामगाराच्या खिशात बहुधा साधे, देशी पेन असे. आंध्रातील राजमहेंद्री येथे १९३२ सालापासून ‘रत्नम’ पेने हाताने घडवली जाऊ लागली. त्याच गावचे ‘गाइडर’, हैदराबादचे ‘डेक्कन’, मुंबईची ‘विल्सन’ आणि ‘एअरमेल’ ही नावेही जुन्या पेनांवर सापडतात. १९३१ साली मुंबईत शाईच्या धंद्यातून उभ्या राहिलेल्या दांडेकरांच्या कॅम्लिननेही पुढे पेने काढली.

प्रथम नाव शोधा. ते पेनाच्या अंगावर किंवा टोपणाच्या क्लिपवर कोरलेले असते. अक्षरे पुसट असतील तर त्यांवर पांढरा खडू हलकेच फिरवून बोटाने पुसा, खोलगट अक्षरे उठून दिसतील. निबेवरच्या नावावर मात्र विसंबू नका. निब झिजली की दुसऱ्याच कंपनीची बसवली जाई.

मग अंग पाहा. काळा रंग उन्हाने तपकिरी पडला असेल आणि अंगठ्याने जोरात घासल्यावर गंधकाचा वास येत असेल, तर ते एबोनाइट, म्हणजे रबर आणि गंधक यांपासून केलेले. कापरासारखा वास आला तर सेल्युलॉइड. ते चटकन पेट घेते, म्हणून चूल, दिवा, मेणबत्तीपासून दूर ठेवा.

साल ठरवायलाही खुणा आहेत. डबीवर किंमत आण्यांत असेल तर पेन बहुधा १९५७ पूर्वीचे, कारण त्या वर्षी नवे पैसे आले. अंगावर ‘बॉम्बे’ असेल तर साधारणपणे १९९५ च्या आधीचे. कोणी नाव-पत्ता कोरून घेतला असेल आणि त्यात जामसंडे, जिल्हा रत्नागिरी असे असेल, तर ते बहुधा १९८१ पूर्वी कोरलेले. सिंधुदुर्ग जिल्हा त्या वर्षीच्या १ मे रोजी झाला.

घ्यावयाची काळजी

समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा ओलावा पोलादी निबेला गंज आणतो. म्हणून शाई भरून पेन ठेवू नये. वाळलेली शाई निघण्यासाठी फक्त निबेचा भाग साध्या पाण्यात भिजवावा आणि पाणी बदलत राहावे. गरम पाणी वापरू नये, एबोनाइटचा रंग जातो. स्पिरिट लावू नये, पक्कड लावू नये. रांगोळीने किंवा राखेने घासू नये, कोरलेले नाव पुसले जाते. नंतर पूर्ण वाळवून सुती फडक्यात गुंडाळावे.

निब सोन्याची आहे असे कळल्यावर ती उपटून सोनाराकडे नेणारेही आहेत. तिचे वजन ते किती? हाती थोडे पैसे येतात आणि पेन कायमचे मरते. अशा साध्या पेनांना बाजारात बहुधा मोठी किंमत येत नाही, हे खरे. पण ज्या पेनाने आजोबांनी गावशाखेच्या वहीत पहिली सही केली, तेथवर अंगठाच उठत होता, त्या पेनाचा भाव भंगारवाला काय सांगणार?

म्हणून पेनाबरोबर एक कागद ठेवा. पेन कोणाचे, ते कुठे कामाला होते, कितवीपर्यंत शिकले, या पेनाने काय काय लिहिले, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून मुलांच्या हस्ताक्षरात लिहून घ्या. लिहिताना निळी धुऊन जाणारी शाई नको, निळी-काळी टिकाऊ शाई वापरा. सांगणारी आजी आज आहे, पुढच्या मे महिन्यात असेलच असे नाही. नाव-गाव हरवलेले पेन ही नुसती वस्तू राहते.

गावोगावच्या विहारांत १४ एप्रिलला फोटो आणि पुस्तकांची मांडणी होते. त्याच टेबलावर एक फडके अंथरून वाडीतली जुनी पेने त्यांच्या कागदांसह मांडावीत. याला वर्गणी लागत नाही. मुलांना आपल्या घरातले अक्षर कोठून सुरू झाले ते डोळ्यांनी दिसेल, आणि शक्य असेल तर त्यांनी त्याच पेनाने आपले नाव लिहून पाहावे.

जयभीम!