परदेशी शिकून काय मिळतं?

आपल्या घनसावंगीच्या एखाद्या घरातला मुलगा शिकायला परदेशी निघाला, की लोक पहिला प्रश्न विचारतात, "तिकडून आल्यावर पगार किती मिळंल?" प्रश्न खोटा नाही. जमीन गहाण ठेवून पैसा उभा केला असेल, तर तो विचारावाच लागतो. हल्ली दोन देशांतली विद्यापीठे आपसांत विद्यार्थ्यांची अदलाबदलही करतात. तिकडचे काही इकडे येतात, इकडचे काही तिकडे जातात, सहा महिने नाहीतर वर्षभर. एवढ्यात पदरात काय पडणार, असंही कुणी म्हणतं.

पगार सोडून आणखी काही मिळतं का? डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांची हकिकत ऐका.

लहानपणी साताऱ्याच्या शाळेत भीमराव सगळ्यांपासून वेगळे बसत. बसायचं गोणपाट घरून न्यायचं, संध्याकाळी परत आणायचं. शाळा झाडणारा गडीदेखील त्या गोणपाटाला शिवत नसे. तहान लागली तरी नळाला हात लावायचा नाही. शिपायाने नळ सोडला तर पाणी. शिपाई नसला तर तसंच राहायचं.

१९१३ साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. शिकून आल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करायची, असा करार झाला. भीमराव बोटीने अमेरिकेला गेले आणि न्यूयॉर्क शहरातल्या कोलंबिया विद्यापीठात शिकू लागले.

तिथं ते वर्गात सगळ्यांच्या शेजारी बसले, सगळ्यांच्या बरोबरीने जेवले. वसतिगृहात नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर राहिले. जॉन ड्यूई, सेलिग्मन असे नामांकित प्राध्यापक त्यांना शिकवायला होते. पैसा वाचवून त्यांनी जुनी पुस्तके घेतली, ती दोन हजारांवर गेली! भथेनांची मैत्री तर जन्मभर टिकली. १९२० साली बाबासाहेब राहिलेलं शिक्षण पुरं करायला लंडनला निघाले, तेव्हा त्यांनी पैशाची मदतही केली.

१९१७ साली करारापायी भीमराव बडोद्याला आले. परदेशात राहून आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. आता उतरायचं कुठं? कुणी जागा देईना. एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावं लागलं. अकराव्या दिवशी डझनभर माणसे लाठ्या घेऊन आली. सामान उचलून बाहेर पडावं लागलं. रात्रीच्या गाडीपर्यंत हा एवढा शिकलेला माणूस बागेत बसून राहिला.

मग परदेशात मिळवलेलं सारं बुडालं का? पुस्तकं मात्र खरोखरच बुडाली. महायुद्ध चालू होतं, आणि ती आणणारं जहाज जर्मन पाणबुडीने बुडवलं. पण बरोबरीने बसायची सवय कुठं बुडते? १९२७ साली महाडला हजारो माणसे घेऊन बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. शिपायाची वाट पाहिली नाही.

१९५० साली त्यांच्या संस्थेने औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढलं. तेच मिलिंद महाविद्यालय. आपल्याकडच्या मुलाला तिथं जायला समुद्र ओलांडावा लागत नाही. जालन्याहून आगगाडी आहे.