उरलेल्या चार कॅप्सूल

बचत गटाची बैठक संपली तरी वस्तीतली एकजण घुटमळत होती. "ताई, पोराला कालपासून जुलाब होताहेत. मागच्या वेळच्या अँटिबायोटिकच्या चार कॅप्सूल उरल्या होत्या, त्यातली एक दिली." मी रागावणारच होते. पण आठवलं, आमच्याही फ्रीजवरच्या डब्यात अशा उरलेल्या गोळ्या आहेतच! मैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीजणींकडे नसतात?

एका कॅप्सूलनं काय बिघडतं? उत्तर जपानमध्ये सापडतं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे रक्ताची आव पसरवणाऱ्या शिगेला जंतूंनी उच्छाद मांडला होता. सल्फाच्या गोळ्या आधी लागू पडल्या, मग चालेनाशा झाल्या. नवी औषधं आली. पण १९५०च्या दशकात सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल या चारही औषधांना दाद न देणारे जंतू सापडू लागले. चार विद्या एकदम शिकले कुठून?

१९५९मध्ये ओचिआई आणि अकिबा या संशोधकांच्या कामातून कोडं सुटू लागलं. आपल्या आतड्यात एरवी गुण्यागोविंदानं राहणारे इ. कोलाय जंतू ही विद्या शिगेलाला देऊ शकत होते! काही जंतूंकडे मुख्य गुणसूत्राशिवाय डीएनएची छोटी गोल कडी असते. तिला प्लाझ्मिड म्हणतात. औषधाला तोंड देण्याची युक्ती तिच्यावर लिहिलेली असू शकते. दोन जंतू एकमेकांना चिकटले, की तिची नक्कल दुसऱ्याकडे जाते. आपण शेजारणीला लोणच्याची कृती उतरवून देतो ना, अगदी तसंच. इथे जातही आड येत नाही!

आता ती कॅप्सूल आठवा. तिनं पोटातले साधे जंतू मरतात, कडीवाले उरतात आणि मोकळ्या जागेत फोफावतात. उद्या खरा रोगजंतू आला, तर त्याला कृती द्यायला ते तयारच. मग गरजेच्या वेळी औषधच चालत नाही.

खरं तर मुलांच्या बहुतेक जुलाबांना अँटिबायोटिक लागतच नाही. लागतं ते ओआरएस, नेहमीचं खाणं, तान्ह्याला अंगावरचं दूध आणि डॉक्टरांना विचारून झिंक. शौचात रक्त दिसलं, मूल मलूल झालं, लघवी कमी झाली किंवा पाणीही पोटात ठरेना, तर तडक दवाखाना गाठायचा.

त्या पोराला ओआरएसवरच उतार पडला. त्याच संध्याकाळी मी फ्रीजवरचा डबा खाली उतरवला. तुम्ही कधी उतरवताय?