जुना ट्रॅक्टर : दुरुस्त करावा, विकावा की मोडावा?



गळीत हंगाम संपला की गावोगावच्या गॅरेजपुढे ट्रॅक्टरची रांग लागते. हंगामभर उसाच्या ट्रॉल्या ओढून यंत्र दमलेले असते. मेस्त्री इंजिन खोलतो, खर्चाचा आकडा सांगतो आणि मालक विचारात पडतो. आणखी पैसे घालावेत, येईल त्या किमतीला विकावा, की भंगारात काढावा? पुष्कळ वेळा हा निर्णय हौसेने, नाही तर वैतागून घेतला जातो. तो हिशेबाने कसा घ्यावा, एवढेच आम्ही येथे मांडत आहोत.

आधी दुखणे ओळखा

धूर दिसला की लगेच 'इंजिन गेले' म्हणू नये. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. एअर क्लीनर तुंबणे, नोझल खराब होणे, पंपाचे सेटिंग बिघडणे, अशी कारणे असतात आणि ती थोड्या खर्चात निघतात. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल खाते आहे. त्याबरोबर ब्रीदरमधून धूर फेकला जात असेल आणि चढाला ओढ कमी पडत असेल, तर लायनर, पिस्टन, रिंगा झिजल्या असे समजावे. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केट तपासून घ्यावे.

मेस्त्रीला दोन प्रश्न जरूर विचारा. क्रँक आणखी ग्राइंडिंगला बसेल का, की तो शेवटच्या मापावर आला आहे? ब्लॉकला किंवा गिअरच्या हाउसिंगला तडा आहे का? क्रँक बदलायचा झाला किंवा ब्लॉकला तडा निघाला, तर पहिला सांगितलेला आकडा तसाच राहत नाही. म्हणून यंत्र खोलल्यावर सगळ्या कामाचा अंदाज लेखी घ्यावा, मगच होकार द्यावा.

सुटे भाग मिळतात का, हेही पाहावे. एच.एम.टी.चा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ साली घेतला. अशा बंद पडलेल्या बनावटीचे यंत्र चांगले असले, तरी ऐन हंगामात एका भागासाठी आठवडाभर उभे राहू शकते.

हिशेब असा करा

खालचे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालावेत.

ट्रॅक्टर आज आहे तसा विकला तर १,६०,००० रुपये येतात. दुरुस्तीला ९०,००० लागतात. म्हणजे ठेवायचे ठरवले तर त्यात २,५०,००० गुंतले. तीन वर्षांनी तो १,३०,००० ला जाईल असे धरा. तीन वर्षांत १,२०,००० झिजले, वर्षाला ४०,०००. ऑइल, फिल्टर, टायर, बॅटरी, विमा यांचे वर्षाला ३५,००० धरा. डिझेल व ड्रायव्हर सोडून ट्रॅक्टर दारात ठेवण्याचा खर्च वर्षाला ७५,००० झाला.

आता दुसरी बाजू. नांगरट, सरी, भरणी, वाहतूक ही सगळी कामे भाड्याने करून घेतली तर वर्षाला १,२०,००० जातात. घरच्या ट्रॅक्टरला त्याच कामाचे डिझेल व ड्रायव्हर ३५,००० लागले असते. म्हणजे भाड्याचा जादा भार ८५,०००. इथे दुरुस्ती परवडते. पण ज्याचे भाडेच ७०,००० होते आणि डिझेल-ड्रायव्हरचे २०,००० वाचतात, त्याचा जादा भार फक्त ५०,०००. त्याने दुरुस्ती केली तर दरसाल २५,००० अंगावर येतात. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला, अशी गत होते.

"मागच्या साली नवे टायर घातलेत, ते वसूल तरी होऊ द्या," असे पुष्कळजण म्हणतात. गेलेला पैसा दोन्हीकडे गेलेलाच आहे. टायर चांगले असतील तर विकताना तेवढी किंमत मागून घ्या.

विकण्यासाठी म्हणून मोठे इंजिन काम करू नये. ९०,००० घालून किंमत ६०,००० नेच वाढली, तर ३०,००० पदरचे गेले. दोष सांगून आहे तसा विकलेला बरा.

ज्यांचा ट्रॅक्टर ऊस वाहतुकीला आहे, त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला जावा लागतो. वाटेत ट्रॅक्टर पडला तर वजन घटते, साखर उतरते आणि त्याचा फटका ऊसवाल्याला व कारखान्याच्या उताऱ्यालाही बसतो. ब्रेक आणि स्टिअरिंग यांच्या बाबतीत तर 'चालवून घेऊ' हा शब्दच नको. भरल्या ट्रॉल्यांमागे माणसांचा जीव असतो.

वयाबद्दलचा गैरसमज

ठरावीक वर्षे झाली की शेतीचा ट्रॅक्टर सक्तीने मोडावा लागतो, अशी अफवा पसरते. ती खरी नाही. पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणीत ट्रॅक्टर योग्य ठरला तर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होते. त्यासाठी मुदत संपण्यापूर्वी साठ दिवसांच्या आत फॉर्म २५ भरून अर्ज करावा. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते, ती विसरू नये.

विकताना

येथे सभासद सर्वांत जास्त फसतात. पैसे घेतले, किल्ली दिली, स्टॅम्पवर सही झाली, की व्यवहार संपला असे वाटते. तसे नाही. नाव बदलण्यापूर्वी अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी आर.सी. बुकावर ज्याचे नाव त्याच्यावर येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात हेच सांगितले. विकलेल्या वाहनापायी घरची जमीन अडचणीत येऊ शकते.

म्हणून फॉर्म २९ व ३० वर सह्या करून कागद स्वतः आर.टी.ओ. कार्यालयात दाखल करावेत. ते एजंटाच्या खिशात ठेवू नयेत. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचे असते. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा असेल तर आधी ना-हरकत दाखला घेऊन फॉर्म ३५ ने तो उतरवावा. विमाही नव्या मालकाच्या नावे झाला का, ते पाहावे.

मोडताना

ब्लॉक फुटला, हाउसिंग गेले, भाग मिळत नाहीत, अशा वेळी मोडणेच शहाणपणाचे. चांगले टायर, रिंग, हायड्रॉलिक पंप, गिअर यांना सुटी किंमत येते, तिची चौकशी आधी करावी. पण ट्रॅक्टर मोडला म्हणून नोंदणी आपोआप रद्द होत नाही. वाहन कायमचे निकामी झाल्याचे मालकाने चौदा दिवसांत कळवून आर.सी. बुक परत करावे, असे मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५५ मध्ये सांगितले आहे. नुसते भंगारवाल्याला दिले आणि तुमचा चेसिस नंबर दुसऱ्या गाडीवर फिरू लागला, तर पोलीस तुमच्या दारात येतील.

२०२१ च्या नियमांनुसार नोंदणीकृत वाहन मोडतोड केंद्रे सुरू झाली आहेत. तेथे वाहन दिले की जमा केल्याचे प्रमाणपत्र मिळते. ते जपून ठेवावे.

थोडक्यात, दुखणे लेखी घ्या, वर्षाचा खर्च भाड्याशी ताडून पाहा आणि कागद पुरे झाल्याशिवाय यंत्र दारातून हलवू नका. निर्णय हंगाम संपताच घ्यावा. मोळी टाकायच्या तोंडावर ना मेस्त्री मोकळा असतो, ना गिऱ्हाईक थांबते.