लोर्नाबाईंचे गाणे

करार या शब्दाशी आपल्या घराण्यांचे नाते फार जुने आहे. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ नावाचे जहाज छत्तीस मजुरांना घेऊन मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात आले, तेव्हा त्या छत्तीस जणांच्या अंगावर जेमतेम वस्त्र होते. पण त्यांच्या नावाने लिहिलेला करार मात्र पक्का होता. पाच वर्षांची मुदत आणि दरमहा पाच रुपये वेतन. पुढे मुंबई बंदरातून कोकणातील आपली माणसे त्याच वाटेने निघाली आणि त्याच कागदावर अंगठे उमटवून उसाच्या मळ्यांत उतरली. म्हणूनच एखाद्या गायिकेची हकीकत ऐकताना मध्येच ‘करार’ हा शब्द कानी पडला, तर आपल्यासारख्या वंशजांचे कान टवकारतात. प्रस्तुत लेखाचा विषय झालेल्या गोमंतकीय जाझ गायिका लोर्ना कोर्देरो यांच्याकडे माझे लक्ष प्रथम वेधले, ते त्यांच्या आवाजामुळे नव्हे, तर या एका शब्दामुळे.

ही ओळख झाली ती ओमानमधील सहम या गावी. माझे शिक्षण मॉरिशसमध्येच झाले. पण शिक्षकी पेशाने मला या किनाऱ्यावर आणून सोडले. सहम हे मस्कतच्या वायव्येस, सोहारच्या अलीकडे, बातिना नावाच्या किनारपट्टीवर वसलेले मासेमारीचे गाव. एका बाजूस खजुरीच्या बागा, दुसऱ्या बाजूस वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या. आमच्या शाळेतील एक गोमंतकीय सहशिक्षिका शुक्रवारच्या सुटीत घरी बोलावीत, कालवण-भात वाढीत आणि जेवणानंतर हटकून लोर्नाबाईंच्या ध्वनिमुद्रिका लावीत. त्या गाण्यांतील शब्द मला बरेचसे कळत, याचे मलाच नवल वाटे. ‘पिसो’ म्हणजे वेडा. आपल्या संतांच्या वाणीत ‘पिसे’ आहेच. ‘बेबदो’ म्हणजे दारुडा. हा पोर्तुगीज भाषेतून आलेला शब्द आपल्या मराठीतील ‘बेवड्या’चा सख्खा भाऊ दिसतो. (आपल्याकडे हे दोघे भाऊ सणासुदीला हजर असतात, तो भाग निराळा!) शब्द घरचे, पण चाल मात्र न्यू ऑर्लिन्सकडून आलेली. या चमत्कारिक संयोगाचा उलगडा करायचा, तर थोडे मागे जावे लागते.

पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चला लागून असलेल्या शाळांत ‘मेस्त्री’ मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवीत. व्हायोलिन हाती येण्यापूर्वी स्वर डोळ्यांनी वाचता आणि तोंडाने म्हणता आला पाहिजे, असा तेथील दंडक. त्यामुळे एरव्ही चार बुके न शिकलेला मुलगाही स्वरांचा कागद मात्र वर्तमानपत्रासारखा वाचू शके. शिक्षक म्हणून मला या पद्धतीचे फार कौतुक वाटते. गावात शेती थोडी, नोकऱ्या त्याहून थोड्या. तेव्हा ही मुले पोटासाठी मुंबईस गेली, आगबोटींवर गेली, आफ्रिकेत गेली. १९३५ च्या सुमारास मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात अमेरिकेतील कृष्णवर्णीय जाझ वादकांचे संच येऊ लागले. त्यांच्या संगतीत आणि त्यांच्या शेजारी बसून गोमंतकीयांनी ही विद्या आत्मसात केली. ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजलेले ट्रम्पेटवादक आंतोनियो शाव्हियेर वाझ त्यांपैकीच. आपल्या चितळकर रामचंद्रांच्या १९५१ सालच्या ‘अलबेला’ चित्रपटातील ज्या ठेक्यांवर आपली आजी-आजोबांची पिढी डोलली, त्या संगीतात या चिक चॉकलेटचा हात होता. अशा कित्येक वादकांनी आणि वाद्यरचनाकारांनी हिंदी चित्रपटसंगीताचा डोलारा उभा केला; पण तबकडीवर नाव संगीतदिग्दर्शकाचे, आणि कागदावर स्वर लिहिणाऱ्याचा पत्ता नाही. मजा अशी की, व्हायोलिनवादक प्यारेलाल यांचे गुरू अँथनी गोन्साल्विस यांचे नाव घरोघरी पोहोचले, ते १९७७ सालच्या एका चित्रपटातील विनोदी गाण्यामुळे. त्यांच्या विद्वत्तेमुळे नव्हे.

अशा या मुंबईत १९४६ साली लोर्नाबाईंचा जन्म झाला. विशी गाठण्यापूर्वीच त्या वाद्यवृंदांबरोबर गाऊ लागल्या होत्या. १९२८ साली मडगावात जन्मलेले क्रिस पेरी हे ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन या दोन्ही वाद्यांवर सारखीच हुकमत असलेले वादक, आणि त्याहूनही कुशल रचनाकार. त्यांच्या संचाबरोबर चर्चगेटजवळील ॲस्टोरिया हॉटेलच्या ‘व्हेनिस’ या क्लबात लोर्नाबाई इंग्रजी जाझ गात. परंतु ज्यामुळे त्यांचे नाव आजही टिकले, ती गोष्ट निराळी. परक्या भाषेतील गाणी उत्तम प्रकारे म्हणणारे मुंबईत पुष्कळ होते. पेरी यांनी तोच जाझ, तीच पितळी वाद्यांची ललकारी, तोच लॅटिन अमेरिकेचा ठेका घेऊन त्यात गोव्याच्या घरातील बोली बसविली आणि ती या मुलीच्या गळ्यात घातली. ‘बेबदो’, ‘पिसो’, ‘तुजो मोग’, ‘नाचों-या कुंपासार’ ही गाणी तबकड्यांवर उतरली आणि आखाती देशांपासून आफ्रिकेपर्यंत जेथे जेथे गोमंतकीय नोकरीस होता, तेथे तेथे त्याच्या पेटीतून गेली. क्लबातील श्रीमंतांचे संगीत खलाशाच्या आणि स्वयंपाक्याच्या घरी आले, हे केवढे स्थित्यंतर! माझ्या मते जाझची ही खरी घरवापसी होय. कारण मुळात तो राबणाऱ्यांचाच होता.

पुढे १९७० च्या दशकात ही जोडी फुटली. लोर्नाबाईंनी पेरी यांच्या अनुमतीवाचून अन्य कोणाबरोबर गाऊ नये, असा वीस वर्षांच्या मुदतीचा करार होता, असे गोव्यात सर्रास सांगितले जाते. दोघांच्या जिव्हाळ्याविषयी आणि वितुष्टाविषयी पुष्कळ बोलले जाते. त्यात मी शिरत नाही. पेरी दुबईस जाऊन संगीत शिकवू लागले, आणि लोर्नाबाईंचा आवाज व्यासपीठावरून नाहीसा झाला. ऐन पंचविशी-तिशीतील गळा, आणि वीसेक वर्षांचे मौन! मळ्यावरील मजुराचा करार आणि गायिकेचा करार यांची तुलना फार ताणू नये, हे मी जाणतो. तिकडे चाबूक होता, तुरुंग होता, मुदत संपल्यावरही परवान्याचा जाच होता. तरीही एक साम्य मनातून जात नाही. मजुराच्या करारात त्याचे हात बांधले जात. पण रात्री झोपडीत भजन म्हणायला, जाखडीच्या फेरात पाय टाकायला मळेवाल्याची सही लागत नसे. येथे तर नेमका तेवढाच भाग बांधला गेला.

१९९५ साली रॉनी मोन्सेराट या संगीतकाराने लोर्नाबाईंना पुन्हा गाण्यास प्रवृत्त केले. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर त्यांचा कार्यक्रम झाला आणि ‘हॅलो लोर्ना’ नावाची नवी ध्वनिफीत निघाली. तेव्हा त्या एकोणपन्नास वर्षांच्या होत्या. ज्यांनी त्यांना केवळ तबकडीवर ऐकले होते, अशी एक सबंध पिढी त्या दिवशी त्यांना प्रथमच डोळ्यांनी पाहत होती. क्रिस पेरी २००२ साली निवर्तले. या दोघांच्या जीवनावरून स्फुरलेला ‘नाचों-या कुंपासार’ हा बारद्रॉय बारेतो यांचा चित्रपट २०१४ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत कोंकणीतील सर्वोत्कृष्ट ठरला. चित्रपट सुरेख आहे. तथापि, पडद्यावरील नायिकेचे गाणे ऐकून मूळ गाणे ऐकल्याचे समाधान मानू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

कारण काही वर्षांपूर्वी सुटीत गोव्यास गेलो असता लोर्नाबाईंना प्रत्यक्ष ऐकण्याचा योग मला आला. सहममध्ये ज्या ध्वनिमुद्रिका मी पाठ केल्या होत्या, त्यांत पंचविशीतील मुलीचा आवाज होता. समोर उभ्या होत्या सत्तरी ओलांडलेल्या बाई. वयानुसार स्त्रीचा आवाज खाली उतरतो, दम कमी पडतो. म्हणून गाण्याची पट्टी उतरवावी लागते. आपल्या पेटीवाल्याला पट्टी बदलायला बोटे सरकवली की झाले. पण ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन वाजविणाऱ्यांना सारा कागद नव्याने लिहून काढावा लागतो. बाईंच्या मागे बसलेल्या संचाने ते निमूटपणे केले होते. पूर्वीची लांबलचक ओळ एका श्वासात जात नाही, तर बाई ती मध्ये तोडतात, आणि तोडल्या जागी ट्रम्पेट हळूच येऊन उत्तर देतो. ऐकणाऱ्यास वाटावे, ही जागा मुळातच अशी होती! जाझमध्ये यास पूर्ण मुभा असते. आधी मूळ चाल सर्वांनी मिळून मांडायची, मग एकेका वादकाने त्या चालीच्या सांगाड्यावर तेथल्या तेथे आपली कल्पना रचायची आणि शेवटी पुन्हा मूळ चालीवर यायचे. आपल्या गवयाने तान घेऊन समेवर यावे, तसेच हे. म्हणून तबकडीवरचे गाणे एकदाच जन्मते, आणि प्रत्यक्षातले गाणे दर संध्याकाळी.

त्यांचा गळा मुळातच घोगरा, रुंद, थोडा रांगडा. लता मंगेशकरांच्या स्वरावर वाढलेल्या आपल्या कानांना तो पहिल्या ऐकण्यात खटकेल. खटकू द्यावा. त्या आवाजात नजाकत कमी आणि माणूस अधिक आहे. ‘बेबदो’ सुरू झाले आणि श्रोत्यांतील म्हातारी जोडपी खुर्च्या मागे सारून उभी राहिली. शब्द सारेच म्हणत होते. आखातात तीस-तीस वर्षे काढून घरी परतलेली ही माणसे, हे त्यांच्या बोलण्यावरूनच कळत होते. माझ्या शेजारी बसलेल्या एका गृहस्थांना मी सहमला असतो असे सांगताच त्यांनी पहिला प्रश्न केला तो तेथील मासळीच्या भावाचा!

सहममध्ये परतल्यावर एका गोष्टीकडे मी नव्या कानांनी पाहू लागलो. बातिना किनाऱ्यावर लग्नसमारंभांत ‘लेवा’ नावाचे नृत्य चालते. मोठा ढोल, सनईसारखे एक वाद्य आणि त्याभोवती गोल फिरणारी माणसे. हे नृत्य पूर्व आफ्रिकेतून या किनाऱ्यावर आले, तेथून आणलेल्या गुलामांच्या आणि खलाशांच्या पायांतून. अमेरिकेत नेलेल्या गुलामांच्या वंशजांनी जाझ घडविला. आणि मॉरिशसच्या मळ्यांत, आपल्या पूर्वजांच्या आधी राबलेल्या गुलामांनी रावान नावाच्या डफावर सेगा घडविला. तीन किनारे, तीन भाषा, पण रात्र उतरल्यावरचा उद्योग एकच.

सेगाविषयी आपल्या घरांतून कोणते उद्गार निघत, ते येथे लिहिण्याचे कारण नाही. वाचकांना ते ठाऊक आहेत. ‘ते आपले नव्हे’ हा त्यांतला सौम्यतम. गणेश चतुर्थीस जाखडी आपली, भजन आपले, सेगा त्यांचा. ज्यांना १९६४ साली ल मोर्न येथे सेगाचा राजा म्हणून गौरविले गेले, ते ती फ्रेर १९९२ पर्यंत हयात होते. एवढ्याशा बेटावर आपल्यापैकी कितींनी त्यांना समोर बसून ऐकले? २०१४ मध्ये युनेस्कोने पारंपरिक सेगाला मानवजातीच्या वारशाच्या यादीत स्थान दिले, तेव्हा आपल्या सभागृहांतूनही टाळ्या पडल्या. पण टाळी वाजविणे निराळे आणि वृद्ध गायकाचा श्वास तुटतो कोठे, हे तीन हातांवरून ऐकणे निराळे. आपल्या मंडळाच्या वार्षिकोत्सवात जाखडीच्या शेजारी एखाद्या जुन्या सेगागायकास बोलवावे, अशी सूचना मी कार्यकारिणीकडे लेखी पाठविली आहे. ध्वनिक्षेपक मोठा लावू नये, एवढीच पुस्ती तिला जोडतो. रावान तापवून घ्यावा लागतो, तेव्हा अंगणात विस्तवाचीही सोय करावी.

गोव्यातील त्या रात्री कार्यक्रम संपल्यावर लोक उठेनात, म्हणून बाईंनी आणखी एक गाणे म्हटले. त्यांच्या मागे ट्रम्पेट वाजविणारा मुलगा विशीच्या आतला दिसत होता. समोरच्या कागदावरील स्वर तो ओठ न हलवता वाचत होता, आणि बाई थांबल्या की मान वर करून त्यांच्याकडे पाहत होता.