सरपण, रॉकेल, बेन्झीन

सौदी अरेबियात नव्याने आलेल्या मराठी माणसाची पहिली गडबड पेट्रोल पंपावर होते. इथे गाडीत भरतात ते ‘बेन्झीन’. ‘बत्रोल’ हा शब्द जमिनीतून निघणाऱ्या कच्च्या तेलासाठी राखून ठेवलेला. आपल्याला मात्र बेन्झीन म्हटले की रसायनशास्त्राच्या पुस्तकातला षट्कोन आठवतो. मौज अशी की, आपल्या आज्यांच्या तोंडी रुळलेला ‘रॉकेल’ हा शब्द ‘रॉक ऑइल’वरून आला आहे आणि ‘पेट्रोलियम’ या शब्दाचा मूळ अर्थही तोच : खडकातले तेल. रेशनच्या रांगेत कॅन घेऊन उभी राहणारी आजी आणि बत्रोलच्या गोष्टी सांगणारा अरब सहकारी एकाच वस्तूचे एकच नाव घेत होते.

हे खडकातले तेल इथे व्यापारी प्रमाणात पहिल्यांदा लागले ते ३ मार्च १९३८ रोजी, दम्मामच्या ७ क्रमांकाच्या विहिरीत. पुढच्याच वर्षी, १ मे रोजी, रास तनुरा बंदरातून तेलाचे पहिले जहाज निघाले. तेलाबरोबर वर येणारा वायू मात्र कित्येक वर्षे वाळवंटातच जाळून टाकला जात असे. तो गोळा करून वापरण्याची मोठी योजना १९७०च्या दशकाच्या मध्यापासून आकाराला आली. त्याच काळात आपल्या आयाबाया शेण आणि काटक्या वेचत होत्या, हे मनात आल्यावाचून राहत नाही.

पंपावरच्या ९१ आणि ९५ या आकड्यांविषयी पुष्कळ गैरसमज आहेत. हे आकडे इंधनाची ताकद दाखवत नाहीत. इंजिनात दाब पडल्यावर, ठिणगी पडण्यापूर्वीच पेटून न जाण्याची क्षमता ते दाखवतात. ज्या इंजिनाला निर्मात्याने ९१ सांगितले आहे, त्याला ९५ पाजून इंजिन अधिक धावत नाही. टाकीच्या झाकणावर किंवा पुस्तिकेत काय लिहिले आहे ते पाहावे आणि तेच भरावे. जुलै २०२१ मध्ये शासनाने ९१ ला २.१८ आणि ९५ ला २.३३ रियाल प्रतिलिटर अशी कमाल मर्यादा घातली. डिझेलला अशी सवलत मिळाली नाही. २०२३ मध्ये ०.७५ रियाल असलेला दर २०२४ मध्ये १.१५ आणि २०२५ मध्ये १.६६ झाला. डिझेल आपल्या मोटारीत क्वचितच असते. पण भाजीचा ट्रक, बांधकामावरचे यंत्र आणि जनरेटर त्यावरच चालतात, म्हणून त्याची झळ बाजाराच्या पिशवीतून घरी येते.

स्वयंपाकघरात मात्र हिशेब निराळा मांडावा लागतो. इथे घरोघरी दिसते ते ११ किलोचे सिलिंडर, भारतात १४.२ किलोचे. दोन्हींत प्रोपेन आणि ब्युटेन. अशा एक किलो गॅसमध्ये सुमारे ४६ मेगाज्यूल उष्णता असते. वाळलेल्या लाकडात सुमारे १५. गोवरीत त्याहूनही थोडी कमी. पण खरा फरक त्यापुढे पडतो. गॅसच्या शेगडीवर त्यातली साठ टक्क्यांच्या आसपास उष्णता भांड्यापर्यंत पोहोचते, तर उघड्या चुलीवर दहा ते पंधरा टक्के. बाकीची भिंतींना, हवेला आणि स्वयंपाक करणारीच्या चेहऱ्याला. चुलीसाठी बारा टक्के धरून गुणाकार केला, तर ११ किलोचे एक सिलिंडर म्हणजे सुमारे १७० किलो लाकूड. पंचवीस किलोची एक मोळी धरली तर जवळजवळ सात मोळ्या. इथे दुकानदाराचा मुलगा जे एका हाताने दारात ठेवून जातो, ते एकेकाळी कोणाच्या तरी डोक्यावरून सात खेपांनी येत असे.

त्या सरपणाचेही प्रकार होते आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. पऱ्हाटी आणि तुऱ्हाटी भडकन पेटतात आणि तितक्याच लवकर संपतात. भाकरी भाजताना एक हात तव्यावर आणि दुसरा चुलीच्या तोंडाशी ठेवावा लागतो. बाभळीचे लाकूड उशिरा धरते, पण निखारा टिकवते. गोवरी धुमसत राहते, म्हणून दूध तापवायला ती बरी. पावसाळ्यात यातले काहीच कोरडे नसे. मग फुंकणी, धूर आणि लाल डोळे. ज्यांना हे ज्ञान होते त्यांना कोणी ऊर्जातज्ज्ञ म्हटले नाही.

आणि सरपण आणायचे कोठून? ज्यांच्या मालकीची जमीन नाही, त्यांना बांधावरची काटकीही परक्याची. गायरानात शेण वेचायला गेले तरी हटकणारा कोणी ना कोणी भेटेच. वतनाच्या नावाखाली महारांवर लादलेल्या कामांत सरकारी अंमलदारांच्या मुक्कामाला आणि गावच्या प्रेतालाही लाकडे पुरवणे होते. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात महार वतनाविषयीचे विधेयक मांडले, ते याच वेठीविरुद्ध. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखालील भूमिहीनांच्या सत्याग्रहात पडीक जमीन आणि गायरान यांची मागणी झाली, तिचा विचार आपण नेहमी धान्याच्या अंगाने करतो. मला त्यात चुलीचाही प्रश्न दिसतो.

या संदर्भात मज्झिम निकायातील अस्सलायन सुत्त पुन्हा वाचण्यासारखे आहे. ब्राह्मणच श्रेष्ठ, असा दावा घेऊन आलेल्या तरुण अस्सलायनाला भगवान बुद्ध इंधनाचाच प्रश्न विचारतात. उच्च कुळातल्या माणसाने साल किंवा चंदनाच्या लाकडाने अग्नी पेटवला, आणि चांडाळ कुळातल्याने कुत्र्याच्या वा डुकराच्या द्रोणीचे लाकूड किंवा एरंड घेऊन पेटवला, तर पहिल्याच अग्नीला ज्वाला, वर्ण आणि प्रकाश असेल आणि दुसऱ्याला नसेल काय? अस्सलायनाला कबूल करावे लागते की, दोन्ही अग्नी सारखेच काम देतील. इंधनांची इतकी सडेतोड तुलना मी अन्यत्र वाचलेली नाही. (पालीतल्या ‘उपादान’ या शब्दाचा एक अर्थ इंधन आणि दुसरा आसक्ती, हेही जाता जाता नोंदवतो.) आमच्या गावांनी मात्र ज्वालेऐवजी लाकूड वाहणाऱ्या हाताकडे पाहिले.

कोळशाशी बाबासाहेबांचा संबंध आपल्या मुलांना बहुधा ठाऊक नसतो. १९४२ ते १९४६ या काळात व्हॉइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री होते आणि खाणकामगार व विद्युतशक्ती हे दोन्ही विषय त्यांच्याकडे होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा क्षेत्रात गेले, खाणीत उतरले, कामगारांच्या वस्त्या त्यांनी पाहिल्या. १९४४ मध्ये कोळसा खाणकामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला. युद्धकाळात स्त्रियांना भूगर्भातील कामावर पुन्हा घेतले गेले, तेव्हा त्यावर टीका झाली आणि सरकारचे उत्तर त्यांनाच द्यावे लागले. १९४६ मध्ये ती बंदी पुन्हा लागू झाली. स्वस्त आणि मुबलक वीज हा औद्योगिकीकरणाचा पाया आहे, ही भूमिका त्यांनी त्याच वर्षांत मांडली. इंधन कोण खणतो आणि त्याची वीज कोणाच्या घरी पोहोचते, हे दोन्ही प्रश्न एकाच टेबलावर ठेवणारे मंत्री तेव्हा फारसे नव्हते.

तोच प्रश्न आज भारतातल्या ‘हिरव्या’ पेट्रोलला विचारायला हवा. भारतातील पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणून गाडी थोडे कमी अंतर देते. सुट्टीत गावी गेल्यावर भाऊबंद ही तक्रार ऐकवतातच. पण महाराष्ट्रात या इथेनॉलचा मोठा भाग उसातून येतो आणि ऊस तोडायला बीड, अहिल्यानगरकडचे मजूर सहा-सहा महिने घर सोडतात. त्यांत आपले लोक किती, हे सांगायला नको. बीडमधील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ मध्ये राज्य शासनाला समिती नेमावी लागली होती. धुराड्यातून निघणारा धूर कमी झाला म्हणून इंधन स्वच्छ झाले, असे मला म्हणवत नाही.

रॉकेलची आठवणही निव्वळ गोड नाही. रेशनचे निळे रॉकेल, स्टोव्हची पिन, पंप मारल्यावर येणारा तो आवाज याविषयी आपण हौसेने बोलतो. पण ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’ ही बातमी कितीतरी वर्षे वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर येत राहिली आणि त्यातले किती भडके आपोआप उडाले होते, हे सर्वांना कळत होते.

इथल्या घरांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो; गळला तर जमिनीलगत साचतो. मुंबई-पुण्यात नळाने येणारा वायू हलका, तो वर जातो. म्हणून इथे वास आला तर केवळ वरची खिडकी उघडून भागत नाही. दार उघडून तळाची हवा बाहेर जाऊ द्यावी, विजेचे एकही बटण दाबू नये, रेग्युलेटर बंद करावा. वंदनेला लावलेली मेणबत्तीसुद्धा बहुधा पॅराफिनची, म्हणजे पेट्रोलियमचीच असते; एसीच्या झोतात ती पडद्याजवळ ठेवू नये आणि सर्वजण जेवायला उठताना विझवावी.

सर्वांत घातक इंधन मात्र दिसायला सर्वांत साधे आहे. हिवाळ्यात रियाध किंवा उत्तरेकडे थंडी बोचू लागली की, बंद खोलीत किंवा तंबूत कोळशाची शेगडी पेटवून झोपण्याचा मोह होतो. एका खोलीत सहा-आठ जण राहणाऱ्या आपल्या कामगार बांधवांना विशेषतः. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपेतल्या माणसाला तो उठवत नाही. सकाळी डोके जड, मळमळ, एकाच खोलीतल्या अनेकांना एकाच वेळी, असे दिसले तर सर्दी समजू नये. सर्वांना तत्काळ उघड्यावर आणावे आणि ९९८ वर नागरी संरक्षण दलाला कळवावे. रियाध, मक्का आणि पूर्व प्रांतात ९११ हा एकत्रित क्रमांक चालतो. कोळसा तापवायचा असेल तर तो अंगणात पेटवावा आणि झोपण्यापूर्वी तिथेच पाणी ओतून विझवावा.