विजेच्या तारेतून इंटरनेट

मुळशी धरणाच्या पाण्यावर भिरा येथे १९२७ पासून वीज तयार होते व ती मुंबईकडे जाते. याच धरणाविरुद्ध १९२१ साली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट त्याचे पुढारी. आमच्या वाडीत तार पुष्कळ उशिरा आली. आता मोबाइलची रेंज गेली की आई विचारते, "तार तर घरात आहेच, तिच्यातूनच इंटरनेट का येत नाही?"

प्रश्न खुळा नाही. घरातील वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते. त्याच तारेवर लाखो हेलकाव्यांचा क्षीण संदेश चढविता येतो, व टोकाला तो गाळून वेगळा काढता येतो. वीजकेंद्रे उच्च दाबाच्या तारांवरून अशीच एकमेकांशी बोलत आली आहेत. मात्र इंटरनेटला कोट्यवधी हेलकावे लागतात, आणि येथेच घोडे पेंड खाते. उघड्या तारेतून ते हवेत सांडतात, रेडिओत खरखर करतात. पाण्याची मोटर चालू झाली की संदेश गढुळतो. शिवाय डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर वीज सोडतो, पण हे हेलकावे अडवितो. त्याला वळसा घालणारे यंत्र प्रत्येक डीपीवर हवे. आमच्या चार घरांसाठी तो खर्च कोण करील?

आईला हे सारे सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे डीपीपर्यंत येणार, घरात नाहीच!"