बालकांची स्थूलता : फक्त सुखवस्तू घरांचे दुखणे नव्हे

मुलांची स्थूलता शहरातल्या खात्यापित्या घरांपुरती असते आणि खेड्यातल्या गरीब मुलांच्या वाट्याला केवळ कुपोषण येते, हा समज आपल्याकडे इतका रुजलेला आहे की पुष्कळदा धोरणांची मांडणीही त्यावरच होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचे (2019-21) आकडे मात्र वेगळे चित्र दाखवतात. पाच वर्षांखालील मुलांमध्ये अतिवजनाचे, म्हणजे उंचीच्या मानाने वजन जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेपेक्षा अधिक असण्याचे प्रमाण शहरी भारतात 4.2 टक्के, तर ग्रामीण भारतात 3.2 टक्के आढळले. शहर आणि खेडे यांच्यात अंतर आहे, पण ते एका टक्क्याचे आहे. राज्याराज्यांतील अंतर त्याहून कितीतरी मोठे असून मिझोरममध्ये हे प्रमाण सुमारे 10 टक्के, तर मध्य प्रदेशात 2 टक्क्यांच्या आसपास होते.

भारतात आजही सधन घरांतील मुलांमध्ये अतिवजन अधिक आढळते, हे खरे आहे. परंतु ही स्थिती कायमची मानणे चुकीचे ठरेल. इंग्लंडमध्ये शाळकरी मुलांची उंची आणि वजन दरवर्षी मोजले जाते. तेथे 2022-23 मध्ये प्राथमिक शाळेच्या अखेरच्या वर्षातील, म्हणजे दहा-अकरा वर्षांच्या मुलांपैकी, सर्वांत वंचित वस्त्यांत 30.2 टक्के, तर सर्वांत सुस्थित वस्त्यांत 13.1 टक्के मुले स्थूल होती. साखर, मैदा आणि तेल यांपासून केलेले तयार पदार्थ ताज्या अन्नापेक्षा स्वस्त आणि सोयीचे झाले, पालकांना स्वयंपाकाला वेळ उरला नाही आणि वस्तीजवळ खेळायला मोकळी जागा राहिली नाही, की स्थूलतेचा भार गरिबांकडे सरकतो. पाच रुपयांची वेफर्सची पुडी आपल्या खेड्यांतील दुकानांतही लटकत असताना हे वळण आपल्याकडे येणारच नाही, असे समजण्यास आधार नाही.

कुपोषण आणि स्थूलता ही दोन विरुद्ध टोके आहेत, एक असेल तेथे दुसरे नसते, हा समजही टिकत नाही. याच पाचव्या फेरीत महाराष्ट्रात पाच वर्षांखालील 35.2 टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली, आणि त्याच राज्यात अतिवजनाचे प्रमाण 2015-16 च्या आधीच्या फेरीतील 1.9 टक्क्यांवरून 4.1 टक्क्यांवर गेले. एखाद्या मुलाच्या बाबतीत तर या दोन्ही गोष्टी एकत्र असू शकतात, कारण निकस आहाराने उंची खुंटते आणि त्याच आहारातील पोकळ उष्मांक चरबी वाढवतात. पाच वर्षांत प्रमाण दुपटीहून अधिक वाढते तेव्हा त्याचे खापर आनुवंशिकतेवर किंवा मुलांच्या आळसावर फोडता येत नाही. बदलली ती परिस्थिती.

सर्वांत घातक समज मात्र तिसरा आहे : मूल बारीक दिसते म्हणून ते सुरक्षित आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील ग्रामीण नवजात बालकांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांशी केली, तेव्हा सरासरी जन्मवजन येथे सुमारे 2.7 किलो, तर तेथे सुमारे 3.5 किलो भरले. परंतु येथील बाळांमध्ये स्नायू जितके कमी होते तितकी त्वचेखालील चरबी कमी नव्हती. गर्भातील कुपोषणातून आलेली ही ठेवण पुढे मधुमेहाची शक्यता वाढवते. केंद्र शासनाच्या 2016-18 मधील समग्र राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात 10 ते 19 वयोगटातील सुमारे 5 टक्के मुले अतिवजनाची, पण सुमारे 10 टक्के मधुमेहाच्या उंबरठ्यावर, म्हणजे रक्तातील साखर वाढलेली, आढळली. नुसत्या वजनकाट्यावर विसंबले तर ही मुले नजरेतून निसटतात, आणि त्यांत गरीब घरांतील मुलेही असतात.

म्हणूनच स्थूलता वाढते आहे या कारणाने गरीब मुलांच्या पोषण आहाराला कात्री लावणे हा उपाय नव्हे. डाळ, दूध, अंडी, भाजी आणि फळे त्या मुलांच्या ताटात नियमित यावीत, गर्भवतीच्या आहाराकडे तितकेच लक्ष दिले जावे आणि प्रत्येक शाळेत वजनाबरोबर उंचीचीही नोंद दरवर्षी व्हावी, असा आग्रह पालकांनी, शिक्षकांनी आणि ग्रामसभांनी धरायला हवा.